ग्राफिक्सच्या संगणकाला मेमरी किती लागते? जुईनगरच्या पालकांसाठी

बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी ग्राफिक्स, अॅनिमेशन, व्हिडिओ संकलन अशा शिक्षणाला लागली की थोड्याच दिवसांत घरात एक कागद येतो. दुकानदाराचे कोटेशन. त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट यांच्या ओळी असतात आणि मध्येच एक ओळ असते : रॅम ६४ जीबी. वडील रात्रपाळी करून आलेले, आई बचत गटातून कर्ज उचलायच्या तयारीत. या ओळीचा अर्थ त्यांना कोणी सांगत नाही. मुलगा म्हणतो, एवढी लागतेच. शेजारचा म्हणतो, आठमध्ये भागते. दोघेही अंदाजाने बोलतात. हप्ता मात्र दर महिन्याला नेमका भरावा लागतो.

जुईनगरच्या मुलांना या शिक्षणाची वाट दूर नाही. हार्बरच्या एका टोकाला सीएसएमटीजवळ जे. जे.ची कलाशिक्षण देणारी महाविद्यालये, दुसरीकडे खारघरला निफ्ट. वाशी-नेरूळचे खाजगी क्लास तर हाकेच्या अंतरावर. अडते ते घरी बसून सराव करायच्या यंत्रापाशी. म्हणून या वेळी आम्ही त्या एका ओळीबद्दलच लिहीत आहोत.

आधी एक गोंधळ दूर करू. दुकानात ‘मेमरी’ हा शब्द तीन वस्तूंना वापरतात. आपल्या स्वयंपाकघरात कोठी किंवा मांडणी असते. तिथे डाळ-तांदूळ महिनाभर राहतात. संगणकात ते काम हार्ड डिस्क किंवा एसएसडी करते. वीज गेली तरी तिथले काम जात नाही. रॅम म्हणजे ओटा. आत्ता जे चिरायचे, मळायचे आहे तेवढेच ओट्यावर येते आणि वीज गेली की तो रिकामा होतो. ओटा लहान आणि पाहुणे जास्त असले की आपण परात खाली जमिनीवर ठेवतो आणि उठबस करत राहतो. रॅम भरली की संगणकही तेच करतो : उरलेले सामान डिस्कवर ठेवतो आणि ने-आण करत बसतो. काम होते, पण रखडत. तिसरी वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. ती कार्डावरच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्वतंत्र कार्ड नसेल, तर चित्र दाखवण्यासाठी रॅममधूनच वाटा काढला जातो.

आता हिशेब. चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांचा पट. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. छपाईसाठी चार रंग धरले तर एका ठिपक्याला साधारण ४ बाइट लागतात. ए-फोर आकाराचे पत्रक, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. चाराने गुणले तर ३५ एमबीच्या आसपास. हे काहीच नाही. पण चौकात लावायचा १० बाय २० फुटांचा फ्लेक्स घ्या. इंचाला ७२ ठिपके धरले तर जवळजवळ १५ कोटी ठिपके होतात आणि एका थराला सुमारे ६०० एमबी लागतात. तोच फ्लेक्स मुलाने पत्रकाच्या सवयीने ३०० ठिपक्यांवर उघडला, तर हा आकडा सतरा पटींनी वाढून १० जीबीच्या पुढे जातो! फोटो, पार्श्वभूमी, अक्षरांची सावली असे थर वाढत गेले की ओझे आणखी वाढते. लांबून पाहायच्या फ्लेक्सला ७२ ठिपके पुष्कळदा पुरतात. छापणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारला तर हजारो रुपयांची रॅम वाचू शकते, हे आमच्या मते दुकानदाराने सांगायला हवे. पण तो सांगत नाही.

हलत्या चित्राचे गणित वेगळे आहे. नेहमीच्या फुल एचडी व्हिडिओची एक चौकट मेमरीत ८ एमबीहून थोडी जास्त जागा घेते. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर सेकंदाला २०० एमबी. केलेले काम न अडखळता ३० सेकंद पाहायचे असेल, तर फक्त त्यासाठी ६ जीबी हवेत. बाकीचा पसारा वेगळाच. म्हणून सॉफ्टवेअर बनवणारेही कामाप्रमाणे आकडे देतात. फोटोशॉपला कमीत कमी ८ जीबी आणि शिफारस १६ जीबीची. आफ्टर इफेक्ट्सला कमीत कमी १६, शिफारस ३२. ब्लेंडर हे थ्रीडीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याला कमीत कमी ८, शिफारस ३२. थ्रीडीत ग्राफिक्स कार्डाची मेमरीही बघावी लागते. दृश्य तिच्यात मावले नाही तर काम मंदावते किंवा थांबतेच, मग बाजूला रॅम कितीही असो.

तेव्हा आमचे मत सरळ आहे. पत्रके, लग्नपत्रिका, फ्लेक्स, फोटो यांसाठी १६ जीबी. व्हिडिओवरचे ग्राफिक्स किंवा थ्रीडी शिकणाऱ्याला ३२. चौसष्टची ओळ, कारण दाखवल्याशिवाय, खोडावी.

कारण दाखवणे कठीण नाही. क्लासच्या संगणकावर मुलाने आपले आजवरचे सर्वांत जड काम उघडावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी किती वापरात आहे ते दिसते. काम करता करता पंधरा-वीस मिनिटे तो आकडा पाहावा आणि वहीत लिहावा. मात्र एक ध्यानात ठेवावे : फोटोशॉपसारखे सॉफ्टवेअर मोकळी जागा दिसली की जास्त धरून बसते. म्हणून नुसता मोठा आकडा पाहून घाबरू नये. मेमरी भरलेली, डिस्क सारखी धावते आहे आणि कामही अडखळते आहे, असे तिन्ही एकत्र दिसले तरच रॅम कमी पडते असे समजावे.

राहिली खरेदी. पूर्वी आपण म्हणायचो, थांबा, सहा महिन्यांनी स्वस्त होईल. ते आता तसे राहिलेले नाही. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली की घरगुती रॅमसाठी माल कमी पडू लागला. त्यामुळे ज्याला ३२ लागणारच आहे त्याने ती आधी घ्यावी आणि रंगीत दिव्यांचे काचेचे कॅबिनेट सोडून द्यावे. दिव्यांनी चित्र चांगले येत नाही. ज्याची खात्री नाही त्याने १६ घ्यावी, पण मदरबोर्डावर रॅमच्या खाचा किती आहेत ते विचारून. चार खाचा असतील तर आठ-आठच्या दोन पट्ट्या बसवाव्यात. जोडीने वेग चांगला मिळतो. दोनच खाचा असतील तर सोळाची एक पट्टी बसवून दुसरी खाच मोकळी ठेवावी. थोडा वेग जातो, पण पुढे वाढवताना जुनी पट्टी फेकावी लागत नाही.

लॅपटॉप घेताना तर हे आधीच विचारावे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते. तिथे आज घेतलेला आकडा शेवटपर्यंतचा.

काही जण कुर्ला-दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोडवरून कंपन्यांनी काढून टाकलेले जुने वर्कस्टेशन आणतात. रॅम भरपूर, किंमत कमी. वाईट सौदा असतोच असे नाही. पण त्यातली रॅम पुष्कळदा चुका दुरुस्त करणाऱ्या खास जातीची असते आणि पुढे साध्या संगणकात ती बहुधा चालत नाही. डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ यांच्या खाचाही वेगवेगळ्या. एकीची पट्टी दुसरीत जात नाही. विंडोज ३२ बिटची आहे का तेही पाहावे, कारण घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही.

बिल पक्के घ्यावे, त्यावर पट्टीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. आणि पट्टीवरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवावा. पुढे दुसरी पट्टी आणायला जाल तेव्हा तोच फोटो दुकानात दाखवायचा आहे.