वंशाच्या वहींतील एक अक्षर

रामकुंडावर यात्रेकरू आला, कीं त्याचे तीर्थोपाध्याय त्याचें गांव, आडनांव व कुळ विचारून जुनी वही उघडतात आणि त्याच्या आजोबा-पणजोबांचीं नांवें वाचून दाखवितात. नाशिककरांस ह्या वह्यांचें महत्त्व सांगावयास नको. अशी वही जीर्ण झाली म्हणून पुन्हा उतरवून घ्यावी आणि उतरवितांना एखादें अक्षर चुकावें, तर पुढील प्रत्येक नकलेंत तीच चूक येत राहील. मनुष्याच्या देहांतही अशीच एक वही आहे, आणि तींतील अक्षर दुरुस्त करण्याची विद्या आपल्या डोळ्यांदेखत शास्त्रज्ञांच्या हातीं आली आहे. तिची ओळख प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास असणें आतां अगत्याचें झालें आहे.

ही वही म्हणजे पेशींच्या केंद्रांतील डीएनए. तिची लिपी अवघ्या चार अक्षरांची. परंतु आईकडून एक व वडिलांकडून एक अशा ज्या दोन प्रती आपणांस मिळतात, त्यांतील प्रत्येकींत सुमारें ३०० कोटी अक्षरें असतात. एवढ्या मजकुरांत एक अक्षर पालटलें तर काय बिघडणार, असें कोणासही वाटेल. बहुधा कांहीं बिघडतही नाहीं. परंतु जागा नाजूक असेल, तर त्या एका अक्षरापायीं सारा जन्म दुःखांत जातो.

ह्याचें उदाहरण पाहण्यास दूर जावयास नको. नाशिक जिल्ह्यांतील डोंगराळ तालुके, नाशिक विभागांतीलच नंदुरबार जिल्हा आणि तिकडे गडचिरोली, येथील आदिवासी कुटुंबांत ‘सिकलसेल’ नांवाचा रक्ताचा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. विदर्भांत अन्य समाजांतही तो आढळतो. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतें. त्याच्या घडणीच्या मजकुरांत एका जागीं एक अक्षर पालटलेलें असल्यामुळें तांबड्या पेशी वाटोळ्या न राहतां विळ्यासारख्या वांकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडें व सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होतें, प्लीहा व मूत्रपिंड ह्यांस इजा पोंचते. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आहे, हें लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९४९ सालीं दाखविलें.

हें अक्षर दोहोंपैकीं एकाच प्रतींत असेल, तर तो मनुष्य वाहक ठरतो व सहसा धडधाकट असतो. परंतु पतिपत्नी दोघेंही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळीं चारांत एक इतका रोगाचा संभव राहतो.

आतां दुरुस्तीच्या साधनाकडे वळूं. जीवाणूंवर विषाणूंचा हल्ला होतो, तेव्हां कित्येक जीवाणू त्या शत्रूच्या डीएनएचा तुकडा खूण म्हणून आपल्या डीएनएंत सांठवितात आणि तो पुन्हा आला, कीं ती खूण पटवून एका प्रथिनाच्या कातरीनें त्याचे तुकडे करतात. ह्या युक्तीस ‘क्रिस्पर’ म्हणतात. ही कातर आपणांस हव्या त्या जागीं चालवितां येते, हें एमान्युएल शार्पांतिए व जेनिफर डाउडना ह्या दोन विदुषींनीं २०१२ सालीं सिद्ध केलें. २०२० चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. पुढें डीएनएचे दोन्ही धागे न तोडतां एकच अक्षर पालटण्याच्या पद्धतीही निघाल्या.

ह्या कातरीवर आधारलेल्या सिकलसेलवरील पहिल्या उपचारास ब्रिटननें नोव्हेंबर २०२३ मध्यें व अमेरिकेनें त्याच वर्षीं डिसेंबरांत मान्यता दिली. त्यांत चुकलेलें अक्षर तसेंच राहतें. योजना निराळीच आहे. गर्भांत असतांना मूल एक वेगळें हिमोग्लोबिन वापरीत असतें व जन्मानंतर तें बहुतेक बंद होतें. रोग्याच्या मूलपेशी काढून घेऊन हें बंद करणारी कळ कातरीनें निकामी करावयाची आणि त्या पेशी परत त्याच्याच देहांत सोडावयाच्या. मात्र त्यापूर्वी तीव्र औषधांनीं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. उपचार खडतर असतो. अमेरिकेंत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक ठरली!

एवढा पैसा सुरगाण्याच्या पाड्यावरील मजुरानें कोठून आणावा? म्हणूनच दिल्लीच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी’ ह्या सरकारी संस्थेनें स्वदेशी कातर घडविण्याचें काम हातीं घेतलें. नोव्हेंबर २०२५ मध्यें बिरसा मुंडा ह्यांचें नांव देऊन तो उपचार जाहीर झाला आणि तो तयार करण्यासाठीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशीं करार झाला. तथापि घोषणा म्हणजे औषध नव्हे. कातर भलत्या जागीं तर चालत नाहीं ना, हें प्रत्येक पायरीवर पारखून घेतलें पाहिजे.

येथेंच एक मर्यादा आंखणें जरूर आहे. रोग्याच्या रक्तापुरती दुरुस्ती त्याच्याबरोबर संपते; गर्भाच्या आरंभीं केलेली दुरुस्ती मात्र वंशांत उतरते. २०१८ सालीं हे जियानक्वी ह्या चिनी संशोधकानें असे पालटलेले गर्भ वाढविले व त्यांतून मुलें जन्मास आलीं. जगभर निषेध झाला, आणि त्यास तीन वर्षांची कैद झाली. हा निषेध निव्वळ सोंवळेपणाचा नव्हता. ज्या सिकलसेलच्या अक्षरास आपण दोष म्हणतों, त्याच्या वाहकांस तीव्र हिंवतापापासून संरक्षण मिळतें. म्हणूनच जेथें हिंवतापाचें ठाणें होतें, अशा प्रदेशांत तें टिकून राहिलें. एकाच्या घरीं मरण आणणाऱ्या अक्षरानें दुसऱ्याचें घर राखलें. ज्या मजकुराचा पुरता अर्थ आपणांस लागलेला नाहीं, तो येणाऱ्या पिढ्यांस न विचारतां खोडण्याचा अधिकार आपला नव्हे.

मग आज करावयाचें काय? कातरीची वाट पाहत स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनें ७ कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प केला. रोग्यांसाठीं हायड्रॉक्सीयुरिया हें जुनें, स्वस्त औषध उपलब्ध आहे व त्यानें वेदनेचे झटके कमी होतात. थॅलसेमिया हा असाच आनुवंशिक आजार पांढरपेशा कुटुंबांतही आढळतो. आपण विवाह ठरवितांना गोत्र पाहतों, नाडी पाहतों. मग वधूवरांच्या रक्ताची चिठ्ठी पाहण्यास कां लाजावें? दोघेंही वाहक निघालीं, म्हणून विवाह मोडलाच पाहिजे असें नाहीं; डॉक्टरांचा सल्ला घेऊन, गर्भाची वेळींच परीक्षा करवून पुढचा मार्ग ठरवितां येतो.

नवी कातर ही मानवी बुद्धीची मोठी कमाई होय, ह्यांत शंका नाहीं. परंतु प्रयोगशाळेपासून पाड्यापर्यंतचा रस्ता जोंवर बांधला गेला नाहीं, तोंवर त्या कमाईचा वांटा ज्यास सर्वांत आधीं मिळावयास हवा, तो दारांतच उभा राहील.