अनारशाचं पीठ

अनारशाचे तांदूळ तिसऱ्या दिवशी आंबूस वास सोडायला लागतात. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरलेले असतात आणि दाणा चिमटीत दाबला की त्याचा सहज चुरा होतो. ही खूण पटली की तांदूळ उपसायचे, आधी नाही. तीन दिवस रोज पाणी बदलायचं असतं आणि त्यात हयगय चालत नाही. आश्विनातल्या उन्हात, त्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, पाणी तसंच राहिलं तर वास उग्र होतो आणि तो तळल्यावरही जात नाही. रोज बदललं तर आंबण्याची क्रिया बेतात राहते आणि गुळाच्या गोडीमागे एक हलकी आंबट चव राहते. अनारशाची ओळख तीच.

फराळातले बाकीचे जिन्नस माणसाच्या सवडीने होतात. चिवडा एका संध्याकाळी होतो, शंकरपाळे एका दुपारी. चकलीची भाजणी आधी करावी लागते, पण तीही भाजून दळून आणली की काम संपलं. अनारसा मात्र आठ-दहा दिवस घेतोच. मला वाटतं, म्हणूनच तो फराळाच्या ताटातून सगळ्यात आधी गेला आणि त्याच्या जागी विकतच्या पिठाची पाकिटं आली. त्या पिठाचे अनारसे वाईट होतात असं नाही. पण पीठ किती ओलं आहे आणि किती आंबलं आहे, हे ज्या हाताने तळायचं त्या हाताला आधीपासून ठाऊक असलं, तर पुढची निम्मी चिंता मिटते.

तांदूळ जुना घ्यायचा. नव्याचं पीठ चिकट होतं. उपसलेले तांदूळ सुती कापडावर सावलीत पसरायचे. इथे घड्याळ कामाचं नाही, हात कामाचा. मूठभर तांदूळ दाबले तर ओलसर लागले पाहिजेत, पण तळव्याला पाणी लागता कामा नये. दिवाळीच्या कोरड्या हवेत तासाभरात हे साधतं. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा बाहेर पाऊस होता आणि तेच तांदूळ पंख्याखाली ठेवूनही अर्धा दिवस ओले राहिले. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे द्यायची रीत आहे. वाणाला जाळीदार जिन्नस लागतो, आणि जाळी अनारशाइतकी दुसऱ्या कशाला पडते?

मग कुटायचं. खलबत्ता असेल तर उत्तम, मिक्सर असेल तर थोडं थोडं करून, पीठ गरम होऊ न देता. खरी मेहनत चाळणीवर. ओलसर पीठ मैद्याच्या चाळणीतून झरझर उतरत नाही, तळव्याने घासून उतरवावं लागतं. वर उरलेला रवा पुन्हा कुटायचा. तो पिठात राहिला तर अनारसा तुपात तिथेच फुटतो.

अर्धा किलो ओलसर पिठाला मी ४०० ग्रॅमच्या आसपास गूळ घेते. चिकीचा नाही, साधा, मऊ. किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळताना गोळा कोरडा, भुगभुगीत वाटतो आणि पाण्याचा हबका मारायचा मोह होतो. तो टाळायचा. गूळ पिठातली ओल ओढून घेतो, विरघळतो आणि चार-पाच दिवसांत डब्यातला गोळा आपोआप मऊ, तुकतुकीत होतो. बाजारातलं कोरडं तांदळाचं पीठ इथे चालत नाही ते याचसाठी. त्यात गूळ विरघळवायला ओलच नसते. तमिळ घरांत दिवाळीला अधिरसम करतात आणि तेलुगू घरांत संक्रांतीला अरिसेलु. त्यांत गुळाचा पाक करून ओलसर पिठात घालतात. आपल्याकडे पाक नाही. पाकाचं काम दिवस करतात.

तळायला शेजारच्या काकू येतात. आधी एकच सोडायचा, हा त्यांचा नियम. केळीच्या पानावर खसखस पसरून सुपारीपेक्षा मोठी गोळी बोटांच्या टोकांनी थापायची, मध्ये जाड राहू द्यायची नाही. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायची. ती खाली गेली तर खसखस तुपात सुटते आणि जळते. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. आधी कडेला फेस येतो, मग मधे एकेक भोक उघडतं आणि बघता बघता सगळ्या अंगावर जाळी धरते.

पहिला कधी कधी तुपात पसरतो आणि विरतो. “हसला गं! गूळ जास्त झालाय, पिठी मळ थोडी,” काकू म्हणतात. राखून ठेवलेली चार चमचे पिठी तेव्हा उपयोगी पडते. उलट जाळीच पडली नाही आणि अनारसा पुरीसारखा घट्ट राहिला, तर त्या थोडं पिकलं केळं कुस्करून गोळ्यात मळायला सांगतात. आच मंदच हवी. तूप कडकडीत झालं की गूळ आधी करपतो आणि आत कच्चं राहतं. काढलेला अनारसा गरम असताना लुळा असतो. म्हणून तो चाळणीत उभा करून निथळायचा, एकावर एक रचायचा नाही. गार झाला की कुरकुरीत होतो.

मुरलेला गोळा डब्यात बरेच दिवस टिकतो. सगळे अनारसे एकाच दिवशी तळायची गरज नाही. पाडव्याला पाहुणे आले की तेव्हाचे तेव्हा ताजे तळता येतात. साखरेचेही अनारसे होतात, पांढरे आणि जास्त खुसखुशीत. मला गुळाचेच आवडतात.

यंदा करायचे असतील तर कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजत घाला. वसुबारसेपर्यंत पीठ मुरलेलं असेल.