वसईचा किल्ला विटांत बसवायचा तर

वसईच्या किल्ल्याची प्रतिकृती लेगोच्या प्लास्टिक विटांत करायला कुणी बसलं, तर पहिली अडचण कोनांची येईल आणि दुसरी देवळांची. कोनांची अडचण शाळेतल्या भूमितीने सुटते. देवळांची सुटणं कठीण, कारण ती थेट कंपनीच्या नियमांत लिहून ठेवलेली आहे.

लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची कंपनी. ओले कर्क ख्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली ती लाकडी खेळण्यांपासून सुरू केली. वर ठिपके आणि आत पोकळ नळ्या असलेली आजची वीट आली ती १९५८ साली, त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत. तेव्हाची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते, यातच या खेळण्याचं अर्धं यश आहे. पुढची पन्नास वर्षं दुकानात कुठला संच यायचा हे बिलुंडमधली माणसं ठरवत. चाहते घरी बसून वाटेल ते बांधत. त्यांचं कौतुक आपापसांत.

हे बदललं २००८ साली, जपानमध्ये. ‘कूसू’ नावाच्या उपक्रमात चाहत्यांनी कल्पना मांडायच्या, लोकांनी पाठिंबा द्यायचा, असा प्रयोग लेगोने केला. २०११ मध्ये तो जगभर खुला झाला आणि २०१४ पासून ‘लेगो आयडियाज’ या नावाने चालू आहे. रीत सोपी आहे. प्रतिकृती प्रत्यक्ष बांधा किंवा संगणकावर जुळवा, तिची चित्रं आणि माहिती मांडा, आणि दहा हजार जणांचा पाठिंबा मिळवा. तेवढा मिळाला की कंपनीचं मंडळ तिचा विचार करतं. दहा हजारांचा टप्पा ओलांडलेल्या कल्पनांपैकीही बहुतेक इथे गळतात. जी निवडली जाते ती दुकानात येते, आणि मूळ कल्पकाला निव्वळ विक्रीचा एक टक्का मिळतो.

एक टक्का ऐकायला कमी वाटतो, पण चाहते पैशासाठी इथे येतच नाहीत. एलन कोइमन या डच भू-रसायनशास्त्रज्ञ बाईंना खेळण्यांतल्या बायका ठरावीक साच्यातल्याच दिसतात हे खटकलं. त्यांनी प्रयोगशाळेत, दुर्बिणीपाशी आणि डायनासोरच्या सांगाड्याजवळ काम करणाऱ्या तीन बायका मांडल्या. २०१४ मध्ये तो संच आला. २०१७ मध्ये चांद्रमोहिमेचं ‘सॅटर्न पाच’ रॉकेट आलं, सुमारे एक मीटर उंच. त्यातले तुकडे मोजून १,९६९, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला ते साल. अशा खोडीलाच चाहते भाळतात. हाच हिशेब वसईला लावला तर आकडा आयता हाताशी आहे: १,७३९ तुकडे. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली ते साल.

पण नियम आडवा येतो. ‘आयडियाज’मध्ये राजकारण चालत नाही, आधुनिक युद्ध चालत नाही आणि धर्माचा संदर्भही चालत नाही, धार्मिक चिन्हं, व्यक्ती, इमारती, सगळं वर्ज्य. जुना किल्ला बिनदिक्कत चालतो. वसईचा किल्ला मात्र नुसता किल्ला नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत दोनशे वर्षं ते पोर्तुगीजांचं तटबंद शहर होतं. आत सेंट जोसेफचं चर्च आहे, जेझुइट, फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन साधूंच्या मठ-चर्चचे उंच अवशेष आहेत, आणि मराठ्यांच्या अमलाची आठवण देणारं महादेवाचं देऊळही आहे. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत याच वसईचे. जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली त्यांना क्रूसावर मारलं गेलं, १८६२ साली संतपद मिळालं. हे सगळं वगळून नुसता तट उभा करायचा म्हणजे वसईचं अर्धं अंग बाजूला ठेवायचं.

गंमत अशी की खुद्द कंपनीने २००८ साली ताजमहाल काढला, ५,९२२ तुकड्यांचा, त्या काळातल्या सर्वांत मोठ्या संचांपैकी एक. २०२४ मध्ये पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रलही काढलं. म्हणजे नियम चाहत्यांना, मालकांना नाही.

अर्थात वसई-विरारच्या पोरांना स्पर्धेसाठी बिलुंडच्या परवानगीची गरज कधीच नव्हती. या तालुक्यात वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बांधकामाचे दोन हंगाम येतात. दिवाळीला किल्ले, नाताळला गोठे.

दिवाळीच्या किल्ल्याची कृती घरोघर ठरलेली. खाली विटांचे तुकडे, दगड, फुटके डबे, जे मिळेल ते. त्यावर गोणपाट चिखलात बुडवून टाकायचं, म्हणजे त्याच्या चुण्यांतून आपोआप कडे-कपाऱ्या पडतात. मग हातानं माती लिंपायची, बोटानं पायऱ्या कोरायच्या, चार-पाच दिवस आधी हळीव किंवा मोहरी पेरायची म्हणजे वसुबारसेपर्यंत हिरवळ येते. टाक्याला प्लास्टिकचा डबा, वर सिंहासनावर महाराज, खाली मातीचे मावळे. मंडळांच्या स्पर्धांत परीक्षक येतात तेव्हा नुसतं देखणेपण पुरत नाही. महादरवाजा थेट समोर दिसतो की दोन बुरुजांआड लपलाय, चोरदरवाजा कुठे, पाण्याची सोय काय, असे प्रश्न येतात आणि माहिती सांगायला पुढे केलेलं पोर घामाघूम होतं.

गोठ्याचा हंगाम डिसेंबरचा. ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी सुरू केली असं मानतात. वसईच्या वाड्यांमध्ये ती इथली होऊन गेली आहे. गवताचं छप्पर, भाताचा पेंढा, झावळ्या, आणि बेथलेहेमच्या जोडीला विहीर, बैलगाडी, केळीची बाग. मांडणारे विषयही दरवर्षी नवा शोधतात. लेगोच्या नियमात हे दोन्ही बसणार नाही, कारण एकात धर्म आहे आणि दुसऱ्याच्या पायथ्याशी दिवाळीची पणती.

तरीही एक प्रश्न उरतो. दिवाळीत रायगड होतो, प्रतापगड होतो, राजगड होतो, मग वसईच्या अंगणात वसईचा किल्ला सहसा का होत नाही? उत्तर मातीत आहे. गोणपाट आणि चिखल हे डोंगराचं सामान आहे. त्यातून गिरिदुर्ग झकास होतो. वसई पडली सपाट, भुईकोट, तीन बाजूंना पाणी आणि दलदल असलेली. मातीत ती केली तर पाटावर थापलेली भाकरीच दिसायची. इथे प्लास्टिकची वीट कामाला येते. सपाट पाया, सरळ भिंती, ठरावीक अंतरावर बुरूज, हा तिचा प्रांत.

आता कोनांची अडचण. मराठ्यांचे बुरूज बहुधा गोल. अर्नाळा बेटावरच्या जलदुर्गात ते पाहता येतात. तो मराठ्यांनी १७३७ साली घेतला आणि नव्याने बांधून काढला. वसईचे बुरूज मात्र पोर्तुगीज धाटणीचे, बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले, म्हणजे तोफेला अंधारी जागा उरत नाही. तटही सरळ चौकोनी नाही, वेडावाकडा बहुभुज आहे. लेगोची वीट तर काटकोनाची गुलाम. दोन ठिपक्यांतलं अंतर ८ मिलिमीटर, त्यात बदल नाही. तिरकी भिंत बिजागरीच्या तुकड्याने वळवता येते, पण तिचं दुसरं टोक पुन्हा ठिपक्यावर बसेलच असं नाही. मुरलेले कारागीर इथे पायथागोरसला बोलावतात. सहा ठिपके आडवे गेले, आठ उभे, तर तिरकी भिंत नेमकी दहा ठिपक्यांची होते आणि दोन्ही टोकं खटकन बसतात. पाच-बारा-तेरा हेसुद्धा चालणारं त्रिकूट. सातवीच्या गणिताचा इतका सरळ उपयोग शिक्षकांनाही क्वचित दाखवता येतो.

त्यानंतर प्रमाण. लेगोचा बाहुला साधारण चार सेंटिमीटरचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या चाळिसाव्या भागाएवढा. त्या मापाने दहा मीटरचा तट पंचवीस सेंटिमीटर होतो, विटांचे सव्वीस थर. इथवर ठीक. पण किलोमीटरभर लांबीचा तट त्याच मापाने पंचवीस मीटर होईल, आणि तो ठेवायला सोसायटीचं मैदान लागेल. त्यामुळे शहाणा माणूस दोनपैकी एक निवडतो. संपूर्ण किल्ला करायचा तर बाहुला विसरायचा आणि एक चकती म्हणजे एक घर असं सूक्ष्म माप धरायचं. नाहीतर एकच प्रसंग उचलायचा: भुई दरवाजा, किंवा मे १७३९ मध्ये सुरुंगांनी फोडलेला सेंट सेबॅस्टियन बुरूज. दुसरा पर्याय जास्त रंगतदार. पडलेला बुरूज बांधणं उभ्या बुरुजापेक्षा अवघड असतं, आणि परीक्षकांना ते कळतं.

रंगाचीही एक हकीकत आहे. लेगोचा १९७८ चा पहिला मोठा किल्ला चक्क पिवळा होता. करड्या विटा दिल्या तर मुलं रणगाडे बनवतील ही भीती त्यामागे होती, असं सांगतात. आता करडा मुबलक मिळतो, आणि शेवाळलेल्या वसईला करडा, वाळूरंगी आणि थोडा गडद हिरवा पुरे.

किल्ला नको असेल त्याला भित्तिचित्राची वाट आहे. ठिपक्यांच्या पाटीवर एकेक चकती बसवून चेहरा उभा करायचा. २०१६ पासून लंडनच्या दुकानात लेगो माणसाचा फोटो काढून त्याचा संच हातात देऊ लागली: ४८ गुणिले ४८ ठिपके, एकूण २,३०४, आणि रंग फक्त पाच, पिवळा, पांढरा, काळा आणि करड्याच्या दोन छटा. पाटीची बाजू जेमतेम ३८ सेंटिमीटर. जवळून पाहिलं तर नुसते चौकोन. चार पावलं मागे जाऊन डोळे किलकिले केले की नाक-डोळे दिसू लागतात. घरी करायचं तर कुठल्याही फोनवर फोटो ४८ ठिपक्यांपर्यंत बारीक करता येतो. खरं काम त्यानंतरचं. यंत्र गालावर करडा टाकतं, तिथे पांढरा हवा हे माणसालाच दिसतं. डोळ्यातला एक पांढरा ठिपका चुकला की माणूस ओळखू येत नाही. दोन हात अंतरावरून व्यक्तिचित्राची रांगोळी तपासणाऱ्यांना हे शिकवावं लागणार नाही.

या चित्राला लेगोच हवी असं मुळीच नाही. मुंबईचे चेतन राऊत यांनी रुद्राक्षांतून बाळासाहेब ठाकऱ्यांचं भव्य चित्र केलं. बटणं, बाटल्यांची झाकणं, काहीही चालतं. एका मापाची आणि पुरेशा छटांची वस्तू मिळाली की झालं.

झाकणांचा विचार करायला खिसाही भाग पाडतो. आयात खेळण्यांवरची मूळ जकात फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यामुळे मोठा संच मध्यमवर्गीय घराला पगाराकडे बघायला लावतो. देशी विटा स्वस्त असतात, पण त्यांची पकड एकसारखी नसते. एक घट्ट बसते, दुसरी सैल. वसई पूर्वेच्या वालीव-सातिवली पट्ट्यातल्या मोल्डिंगच्या गाळ्यात काम करणाऱ्याला याचं कारण तोंडपाठ असेल. लेगोचा दाणा एबीएस प्लास्टिकचा, १९६३ पासून तोच, सुमारे २३० अंशांना वितळवून साच्यात दाबतात, आणि साच्यात फरक चालतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. झिजलेल्या साच्यातून काढलेली वीट दिसायला तशीच असते, पण दहा थरांनंतर तट झुकतो.

म्हणून सुरुवात विटा विकत घेऊन करू नये. जुळवणीचं ‘स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात हव्या त्या रंगाच्या हव्या तेवढ्या विटा आहेत आणि शेवटी तुकड्यांची यादीही निघते. ‘आयडियाज’ला संगणकावरची प्रतिकृती चालते, तशी ती गावच्या स्पर्धेलाही चालायला हरकत नाही.

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा त्यात वसई नव्हती. दिवाळीच्या किल्ल्यांना बक्षिसं देणाऱ्या वसई-विरारमधल्या मंडळांनी यंदा एक वेगळा गट ठेवावा: विषय फक्त वसईचा किल्ला, साहित्य कुठलंही, चर्च आणि महादेवाचं देऊळ दोन्ही दाखवणं सक्तीचं. आणि भाग घेणाऱ्या मुलांना स्पर्धेआधी एका रविवारी मोजपट्टी देऊन भुई दरवाज्यापाशी न्यावं.