‘सॉरी’ एक, अर्थ अनेक! कोणत्या वेळी काय म्हणाल?

गर्दीत कुणाला धक्का लागला, सॉरी. फोन उचलायला उशीर झाला, सॉरी. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही, तरी सॉरीच! दिवसभरात आपण हा शब्द किती वेळा वापरतो, एकदा मोजून पाहा. घरातल्या लहान मुलांनाही ‘थँक्यू’च्या जोडीने पहिल्यांदा शिकवला जातो तो हाच शब्द.

पण या एका शब्दाचे अर्थ किती? हा प्रश्न मला पडला तो एका अवघड प्रसंगी. माझ्या मैत्रिणीचे वडील गेले. काय लिहावं सुचेना, म्हणून मी तिला फक्त ‘सॉरी’ असा मेसेज पाठवला. तिच्या आजीने तो पाहिला आणि विचारलं, “हिने काय केलंय? ही कशाबद्दल माफी मागतेय?” मैत्रिणीने नंतर हे सांगितलं, तेव्हा इंग्रजी घेऊन बीए केलेल्या मला पटकन उत्तर देता आलं नाही. चला, आज तेच उत्तर शोधूया.

मुळात सॉरी म्हणजे माफी नव्हतीच!

‘सॉरी’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘सारिग’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ दुःखी, व्यथित. घसा दुखतो तेव्हा आपण ‘सोअर थ्रोट’ म्हणतो ना? त्यातल्या ‘सोअर’शी, म्हणजे ‘दुखऱ्या’शी, त्याचं नातं आहे. म्हणजे ‘आय ॲम सॉरी’चा मूळ सूर ‘मला दुखतंय, मला वाईट वाटतंय’ असा आहे. माझ्यामुळे झालं म्हणून वाईट वाटलं, की ती माफी. तुमच्या दुःखाने वाईट वाटलं, की ते सांत्वन. शब्द एकच, म्हणूनच आजींचा गोंधळ झाला.

एक शब्द, सहा कामं

• माफी: ‘सॉरी, माझ्या हातून कप फुटला.’
• सांत्वन: ‘सॉरी फॉर युवर लॉस.’ इथे चूक कुणाचीच नसते.
• पुन्हा सांगा: शेवटी आवाज चढवून नुसतं ‘सॉरी?’ म्हटलं, की अर्थ होतो, ‘काय म्हणालात?’
• नम्र नकार: ‘सॉरी, उद्या जमणार नाही.’
• चूक दुरुस्ती: ‘चार, सॉरी, पाच वाजता या.’
• कीव किंवा दुरवस्था: ‘आय फील सॉरी फॉर हिम’ म्हणजे मला त्याची दया येते. आणि खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्याला ‘सॉरी स्टेट’ म्हटलं, तर रस्ता माफी मागत नसतो! त्याची अवस्था वाईट आहे, एवढंच.

समानार्थी, पण अगदी सारखे नाहीत

एक्स्क्यूज मी: वाट मागताना, कुणाचं लक्ष वेधताना किंवा बोलणं मध्येच थांबवताना. सोपी खूण लक्षात ठेवा: साधारणपणे ‘एक्स्क्यूज मी’ त्रास देण्याआधी आणि ‘सॉरी’ त्रास दिल्यानंतर.

पार्डन: ऐकू आलं नाही तर ‘पार्डन?’ म्हणतात. पण कायद्यात हाच शब्द फार वजनदार होतो. राज्यघटनेच्या कलम ७२ नुसार राष्ट्रपतींना शिक्षा माफ करण्याचा जो अधिकार आहे, तो ‘पार्डन’चाच.

अपॉलॉजाइज: औपचारिक माफी. ऑफिसच्या ईमेलमध्ये चूक स्वीकारताना हा शब्द शोभतो. गंमत म्हणजे ग्रीक भाषेत ‘अपोलोगिया’ म्हणजे स्वतःच्या बचावाचं भाषण. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’ या ग्रंथात सॉक्रेटिस न्यायालयात आपली बाजू मांडतो, माफी मागत नाही.

रिग्रेट: खेद. जे झालं त्याचं वाईट वाटतं, पण ‘चूक माझी’ असं यात म्हटलेलं असेलच असं नाही. गाडी उशिरा धावत असल्याची रेल्वे स्टेशनवरची उद्घोषणा आठवा. इंग्रजीत ‘रिग्रेट’, हिंदीत ‘खेद’ आणि मराठीत ‘दिलगीर’!

शब्द बदलला की किंमत बदलते

‘रिग्रेट’ आणि ‘सॉरी’ यांतलं अंतर किती मोठं असू शकतं, याची दोन उदाहरणं पाहा.

१३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत हत्याकांड झालं. त्याला शंभर वर्षं पूर्ण होत असताना, १० एप्रिल २०१९ रोजी ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. पण अधिकृत माफी मागितली नाही. त्यामुळे माफीची मागणी तशीच राहिली.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथे विसाव्या शतकात अनेक दशकं मूळनिवासी कुटुंबांमधून मुलं सरकारी धोरणानुसार काढून घेतली गेली. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या काळात संसदेने ‘रिग्रेट’ व्यक्त केला. लोकांना तेवढं पुरलं नाही. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत थेट ‘सॉरी’ म्हटलं. ते ऐकताना अनेकांना रडू आवरलं नाही. ज्यांचं बालपण गेलं, त्यांना नुसता खेद नको होता. ‘आमचं चुकलं’ हे ऐकायचं होतं.

मग आपण काय म्हणायचं?

आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द तयार आहेत. ते वापरून पाहा.

• चूक झाली असेल तर: ‘माझं चुकलं.’ काय चुकलं, तेही सांगा.
• वडीलधाऱ्यांशी किंवा औपचारिक प्रसंगी: ‘क्षमा करा’, ‘माफ करा.’
• गैरसोय झाली असेल तर: ‘दिलगीर आहे.’
• ऐकू आलं नाही तर: ‘काय म्हणालात?’
• कुणी दुःखात असेल तर: ‘ऐकून खूप वाईट वाटलं.’

मुलांनाही एवढं जरूर शिकवा. भांडण झाल्यावर ‘सॉरी म्हण’ असं नुसतं दटावलं, की मूल ‘सॉरी’ म्हणून मोकळं होतं. त्याऐवजी ‘काय चुकलं ते ताईला सांग’ असं म्हणून पाहा. थोडा वेळ जास्त लागेल, पण शब्दामागचा अर्थ त्याला कळेल.

आणि हो, मी मैत्रिणीच्या घरी गेले. आजींजवळ बसले आणि म्हणाले, “आजी, काकांचं कळलं. खूप वाईट वाटलं.” आजींनी काही न बोलता माझा हात हातात घेतला. या वेळी त्यांना अर्थ विचारावा लागला नाही.