गोपाळगडाचा फोटो, तैलरंगाचा साज

पावसाळ्यात अंजनवेलचा गोपाळगड बघावाच. जांभ्याचा लाल चिरा, त्यावर शेवाळाची हिरवी साय, आत हापूसची कलमं आणि खाली दाभोळच्या खाडीतून समुद्राला भिडणारं वाशिष्ठीचं गढूळ पाणी. तुळाजी आंग्र्यांनी नाव दिलेल्या या किल्ल्याचा फोटो मोबाइलवर टिपायचा आणि घरी येऊन त्याचं तैलचित्र करायचं, हा छंद आता कुणालाही जमतो. तरी ‘हा काही खरा फोटो नव्हे’ म्हणत नाक मुरडणारे भेटतातच. त्यांनी जरा कॅमेऱ्याच्या पोटात डोकावावं.

तिथे काय दिसतं? सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याला एकच रंग कळतो: लाल, हिरवा किंवा निळा. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी ठिपक्यांवर ही रंगांची जाळी बसवली, पेटंट मिळालं १९७६ साली. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उरलेले रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेब करून भरले जातात. म्हणजे गोपाळगडाच्या तटाचा लाल रंग चारांतल्या एकाच ठिपक्याने प्रत्यक्ष मोजलेला असतो, बाकीच्या तिघांनी अंदाजाने लावलेला! रंग भरण्याचं काम कॅमेरा आपल्या आधीच सुरू करतो.

आकाश बदलण्याची हौसही नवी नाही. १८५०च्या दशकातल्या काचेच्या निगेटिव्हवर निळा प्रकाश फार जोरात उमटे, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश पांढरंफटक पडे. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राची एक आणि ढगांची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या. लोक बघत राहिले.

आता लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर. फोटोशॉपला ते मिळाले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८९४ साली, राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईत सुरू झाला होता. तिथे दर रंगाला वेगळा दगड लागे. एकावर एक रंग बसत गेले की लक्ष्मी-सरस्वती उजळत. एखादा दगड केसभर सरकला, तरी चित्र बिघडे. घरोघरी देव्हाऱ्यात पोचलेली ती चित्रं लेअरचीच होती, हे मला फार भारी वाटतं.

फोटोशॉपच्या सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांतला प्रसिद्ध फोटोही समुद्रकिनाऱ्याचाच: बोरा बोरा बेटावर फोटोशॉप घडवणाऱ्या जॉन नॉल यांनी काढलेला. सॉफ्टवेअर बाजारात आलं फेब्रुवारी १९९० मध्ये, तेही फक्त मॅकिंटॉशवर.

पण सगळ्यात मजेदार गोष्ट तैलचित्राच्या फिल्टरची. ‘कुवाहारा’ नावाचा फिल्टर फोटोला थेट ब्रशचे फटकारे देतो, आणि तो जन्मला हृदयाच्या तपासणीसाठी! १९७०च्या दशकात जपानमध्ये किरणोत्सारी द्रव्य वापरून हृदयाची चित्रं घेत. ती खरखरीत येत, म्हणून हा उपाय. प्रत्येक ठिपक्याभोवती चार चौकोन पाहायचे, ज्या चौकोनात रंगांची चढउतार सर्वांत कमी, त्याची सरासरी त्या ठिपक्याला द्यायची. जांभ्याच्या चिऱ्यावर लावून पाहा. चाळणीसारखी बारीक भोकं विरघळून रंगाचे सपाट डाग होतात, पण दोन चिऱ्यांमधली सांध ठळक राहते. चित्रकार डोळे किलकिले करून जे बघतो, ते हेच.

मग चित्र बिघडतं कुठे? बहुतेक वेळा सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंग भडक करणाऱ्या स्लायडरवर. साध्या जेपेगमध्ये लाल रंगाला २५६ पायऱ्या असतात. गडाजवळच्या टाळकेश्वर मंदिराकडून पश्चिमेचा सूर्यास्त टिपला आणि स्लायडर ताणला, की लाल वरच्या पायरीवर जाऊन अडकतो. ढगांच्या कडा गायब, आकाशाला एकाच रंगाचा पोचारा. जांभ्याचंही तसंच. लोहामुळे आलेल्या त्या लालात विटकरी, काळपट, शेंदरी असं बरंच काही असतं, ते सारं एकात मिसळून जातं. त्यापेक्षा काळोखी थोडी उचलावी आणि शेवाळाचा हिरवा वेगळा धरून जरा थंड करावा, शेजारचा लाल आपोआप उठून दिसतो. आणि कॅमेऱ्यात सोय असेल तर फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या मूळ नोंदीच्या फाइलमध्येच घ्यावा: १४ बिटच्या फाइलमध्ये दर रंगाला १६,३८४ पायऱ्या मिळतात.