मोतीबिंदूबरोबर तिरका नंबरही

चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिल’ आणि ‘ॲक्सिस’ या रकान्यांत लिहिलेला नंबर दृष्टिवैषम्याचा असतो. बोलताना त्याला सिलिंडरचा किंवा तिरका नंबर म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसली की बहुधा हा दोष येतो. बोटांनी हलका दाबलेला रबरी चेंडू असतो, तसा असा कॉर्निया एका दिशेने जास्त वळलेला आणि तिच्या काटकोनात चपटा असतो. प्रकाश दृष्टिपटलावर एका बिंदूत जमत नाही. अक्षरांच्या कडा ओढल्यासारख्या दिसतात, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांना रेघा फुटतात.

मोतीबिंदू झालेल्या साधारण तीन डोळ्यांपैकी एकात हा दोष एक डायॉप्टर (चष्म्याचा एक नंबर) किंवा त्याहून अधिक असतो. गढूळ झालेले भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले, तरी कॉर्निया जसाच्या तसा राहतो आणि धूसरपणा गेल्यावरही नजर विस्कटलेली राहते. त्याच शस्त्रक्रियेत लेसरने छेद घेऊन हा दोषही कमी करता आला, तर दूरचे पाहण्यासाठी चष्म्याची गरज बरीच घटते.

त्यासाठी जुन्या चष्म्याच्या नंबरावर मात्र विसंबता येत नाही. दृष्टिवैषम्य डोळ्याच्या भिंगातही असू शकते. इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी 1801 मध्ये स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मांडला. डोळा पाण्यात बुडवून कॉर्नियाचा परिणाम नाहीसा केला तरी दोष उरतो, हे पाहून तो भिंगाचा असल्याचे त्यांनी ताडले. मोतीबिंदू काढताना भिंगाच्या वाट्याचा दोष भिंगाबरोबरच जातो. उरतो तो फक्त कॉर्नियाचा. म्हणून केरॅटोमेट्री आणि टोपोग्राफी या तपासण्यांनी कॉर्निया मोजावा लागतो. त्याच्या मागच्या पृष्ठभागाचाही थोडा वाटा असतो. तो सोडून दिला तर हिशेब चुकतो. डोळे कोरडे असतील तर आकडे दर वेळी वेगळे येतात, म्हणून आधी कोरडेपणावर उपचार करावे लागतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मोजणीपूर्वी त्या काही दिवस बंद ठेवायच्या असतात. या सगळ्या उपचाराचा पाया लेसर नसून ही मोजणी आहे.

लेसरचे काम त्यानंतरचे. इथे वापरला जातो तो फेम्टोसेकंद लेसर. त्याचे स्पंद इतके अल्पकाळ टिकतात की त्यांचा काळ फेम्टोसेकंदांत मोजतात; एका सेकंदात एकावर पंधरा शून्ये इतके फेम्टोसेकंद मावतात. त्यामुळे आजूबाजूला उष्णता फारशी न पसरता ऊतीच्या आत ठरलेल्या खोलीवर छेद घेता येतो. मोतीबिंदूसाठी त्याचा पहिला वापर हंगेरीतील बुडापेस्टमध्ये झोल्टान नॉज यांनी 2008 मध्ये केला. दोष घालवण्यासाठी हा लेसर कॉर्नियाच्या कडेजवळ, ज्या दिशेला वक्रता जास्त त्या दिशेला, कमानीसारखे छेद घेतो. बहुधा समोरासमोर दोन असतात, कधी एकच पुरतो. त्यांची खोली सहसा तिथल्या जाडीच्या ऐंशी ते नव्वद टक्के ठेवतात. छेदाजवळची ऊती सैलावते, तिथली वक्रता उतरते आणि काटकोनातली चपटी बाजू थोडी उचलली जाते. असे छेद हातातल्या पात्यानेही घेता येतात आणि पूर्वीपासून घेतले जातात. पण लेसर स्कॅनमध्ये कॉर्नियाची जाडी पाहून छेद घेत असल्याने त्यांची खोली आणि लांबी अधिक एकसारखी येते. टाके लागत नाहीत.

दिशा चुकली तर मेहनत वाया जाते. माणूस आडवा झाला की डोळा स्वतःच्या अक्षाभोवती काही अंश फिरतो. म्हणून रुग्ण बसलेला असतानाच डोळ्यावर शाईच्या खुणा करतात, किंवा बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावरच्या रेषा ओळखून यंत्र दिशा जुळवते.

या उपायाची मर्यादाही स्पष्ट आहे. साधारण दीड डायॉप्टरपर्यंतच्या दोषाला छेद पुरतात. त्यापुढे टोरिक लेन्स, म्हणजे सिलिंडरचा नंबर अंगातच असलेले कृत्रिम भिंग, अधिक भरवशाचे असते. तीही नेमक्या कोनातच बसवावी लागते. तीस अंश फिरली तर सुधारणा जवळपास शून्यावर येते. छेदांचा परिणाम वय आणि जखम भरण्याच्या पद्धतीप्रमाणे कमीजास्त होतो. केराटोकोनससारखा आजार असेल, तर छेदांनी कमकुवत कॉर्निया आणखी कमकुवत होण्याचा धोका असतो. तिथे ते टाळावेत.

आपल्याकडे साध्या फेको शस्त्रक्रियेलाही सर्रास ‘लेसरने मोतीबिंदू काढणे’ म्हटले जाते. फेकोमध्ये भिंग फोडतात ते अल्ट्रासाऊंडने. फेम्टोसेकंद लेसर वापरला तरी तो भिंगाच्या पिशवीचे तोंड गोल कापतो आणि भिंगाचे तुकडे पाडतो. ते ओढून बाहेर काढावेच लागतात. फ्रान्समधील मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, लेसरची मदत घेतलेल्या शस्त्रक्रिया साध्या फेकोपेक्षा सरस ठरल्या नाहीत, खर्च मात्र वाढला. त्यामुळे केवळ लेसरच्या नावासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. आपल्या कॉर्नियाचा दोष किती डायॉप्टरचा आहे आणि छेद की टोरिक लेन्स, हे शस्त्रक्रियेआधी विचारून घ्यावे. वाचनाचा चष्मा साध्या एककेंद्री भिंगानंतर लागतोच. दूरचा नंबर स्थिर व्हायला काही आठवडे जातात. तेव्हा थोडा सिलिंडर उरला, तर तो चष्म्याने भरून काढता येतो.