गाडीतळ: पाच महिन्यांचं गाव

दसरा झाला, भगवानगडाचं दर्शन झालं, की पाथर्डी-शेवगावच्या वाड्यावस्त्यांवर आवराआवर सुरू होते. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली आणि खर्चूनही झालेली. बाजरीचं पीठ, भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही पोरं असं सगळं बिऱ्हाड ट्रकमध्ये चढतं. बैल आणि लोखंडी गाड्याही निघतात. पुढच्या काही दिवसांत उत्तरेकडच्या साखर कारखान्यांजवळच्या मोकळ्या माळावर एक गाव उभं राहतं आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की उठतं. या जागेला गाडीतळ म्हणतात. कुठे अड्डाही म्हणतात.

अहिल्यानगर हा एकच जिल्हा, पण त्याचे जणू दोन मुलूख. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पसरला. हरेगाव, टिळकनगरला खासगी कारखाने आले. मग विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभारला. प्रवरानगरला पहिला गळीत हंगाम झाला 1950-51 मध्ये. पाथर्डी मात्र पर्जन्यछायेतच राहिली. एका टोकाला ऊस वाढला, दुसऱ्या टोकाला तो तोडायला जाणारे हात.

जागेची निवड कामावर ठरते. 'डोकी सेंटर'वाले डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरतात. ते गावोगावी, फडाच्या आसपास मुक्काम हलवत राहतात. बैलगाडीवाल्यांना मात्र कारखान्याजवळचा तळच लागतो, कारण गाडी रोज काट्यावर जायची असते. जमीन उंचवट्याची हवी, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी कोपीत पाणी शिरत नाही. बैलांना सावली हवी. सगळ्यात आधी पाणी हवं.

कोपी उभी करायला नवरा-बायकोला अर्धा दिवस पुरतो. खड्डे घ्यायचे, बांबू वाकवून कमानी करायच्या, वर चटया, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद, कडेने दगड. आत सारवण, दाराशी तीन दगडांची चूल. दार इतकं बुटकं, की प्रत्येकाला वाकूनच आत जावं लागतं. पुढे बैल, बाजूला उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या. डिसेंबरच्या पहाटे, तीन-चारच्या सुमाराला, चुली पेटतात. त्याआधी बाईने पाणी आणलेलं असतं. नवरा आणि बायको मिळून एक कोयता, अशी इथली मोजणी आहे. पण पाणी, भाकरी, धुणं आणि पोरं या कोयत्याच्या एकाच पात्याला.

पोरांचं पहिलं सत्र गावात आणि दुसरं फडात जायचं. त्यावर उपाय म्हणून तळाजवळच साखरशाळा निघाल्या. 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, मुलं गावाकडेच राहून शिकावीत म्हणून. ही फार मोलाची गोष्ट आहे. तरीही सांभाळायला घरी कुणी नसलेली धाकटी भावंडं तळावर येतातच.

हिवाळ्यात चाकांवर संसार घेऊन निघणारी माणसं जगात इतरत्रही आहेत. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या क्वार्ट्झसाइटजवळ उत्तरेकडची निवृत्त मंडळी थंडी चुकवायला मोटारघरं घेऊन येतात. तिथे सरकारी जमीन 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल अशा मुक्कामासाठी राखलेली आहे. परवाना घेतला, की पिण्याचं पाणी, संडास आणि कचऱ्याची सोय मिळते. महिने जवळजवळ तेच. ते विसाव्याला येतात, हे राबायला; म्हणून तर सोयीचा हक्क यांचा जास्त.

ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरलेले आहे. त्यातला काही पैसा तळाच्या जमिनीत दिसला पाहिजे: पक्के ओटे, नळ, दिवे आणि बायकांसाठी दाराला कडी असलेले संडास. तळ दरवर्षी त्याच माळावर पडतो, म्हणजे बांधलेलं वाया जाणार नाही. पुढच्या दसऱ्याच्या आत हे काम हाती घ्यावं.